विमानात बसायला घाबरणाऱ्या माणसाने अख्ख्या मानवजातीला पृथ्वी सोडायला लावली

६ फेब्रुवारी २०१८. अमेरिकेतल्या फ्लोरिडातून फाल्कन हेवी नावाचं रॉकेट उडालं. इलॉन मस्कने त्या रॉकेटमध्ये आपली लाल टेस्ला गाडी ठेवली होती आणि स्टिअरिंगवर अंतराळवीराचा पोशाख घातलेला पुतळा बसवला होता. तो फोटो जगभर व्हायरल झाला. तुम्हीही पाहिला असेल.

पण त्या गाडीत आणखी एक गोष्ट होती. क्वार्ट्झची एक छोटीशी तबकडी. तिच्यात तीन पुस्तकं साठवली होती. 'फाउंडेशन', 'फाउंडेशन अँड एम्पायर' आणि 'सेकंड फाउंडेशन'.

या पुस्तकांमध्ये माणूस आकाशगंगेतल्या जवळपास अडीच कोटी ग्रहांवर पसरलेला आहे. साम्राज्य आहे, राजधानी आहे, युद्धं आहेत. फक्त एक गोष्ट नाही. माणूस मुळात कुठल्या ग्रहावरून आला, हे कोणालाच आठवत नाही. पृथ्वी कधीच मागे पडली आणि मग विसरली गेली.

हे सगळं लिहिणारा माणूस म्हणजे आयझॅक असिमोव्ह. माणसाला ताऱ्यांपर्यंत पोहोचवणारा हा गडी आयुष्यात फक्त दोनदा विमानात बसला. तेही नौदलाच्या आणि लष्कराच्या नोकरीत असताना, म्हणून.

गंमत पुढे आहे. ज्याने पुस्तकांमधून पृथ्वी रिकामी केली, त्यानेच मरण्याआधी काही महिने पृथ्वी वाचवा म्हणून एक अख्खं पुस्तक लिहिलं.

मग त्याला नक्की काय म्हणायचं होतं? घर सोडा की घर सांभाळा? हे समजून घ्यायचं तर सुरुवात त्याच्या स्वतःच्या घरापासून करावी लागते. कारण तेही सुटलेलं होतं.

सतरा मुलं आजारी पडली, एकच वाचलं

रशियात स्मोलेन्स्क भागात पेट्रोविची नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका ज्यू कुटुंबात आयझॅकचा जन्म झाला. कधी झाला, ते नक्की कोणालाच माहीत नाही. ऑक्टोबर १९१९ ते जानेवारी १९२० च्या मधली कुठलीतरी तारीख. पुढे त्याने स्वतःच २ जानेवारी १९२० हा वाढदिवस ठरवून टाकला.

रशियात तेव्हा क्रांती होऊन गेली होती आणि यादवी युद्ध चालू होतं. १९२१ साली गावात न्यूमोनियाची साथ आली. सतरा मुलं आजारी पडली. त्यातलं एकच वाचलं, ते म्हणजे आयझॅक.

वडील ज्यूडा आणि आई ॲना यांनी देश सोडायचं ठरवलं. अमेरिकेत एक नातेवाईक होता, त्याने हमी घेतली. पोरं घेऊन ते इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला आले आणि तिथून बोटीने फेब्रुवारी १९२३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. आयझॅक तेव्हा तीन वर्षांचा होता.

घरात यिडिश बोलली जायची, बाहेर इंग्रजी. रशियन तो कधी शिकलाच नाही. जन्मगावाची आठवण नाही, तिथली भाषा नाही आणि जन्मतारीखही अंदाजाने. पुढे आयुष्यात तो पेट्रोविचीला एकदाही गेला नाही.

म्हणजे आपण कुठून आलो, हे फक्त ऐकून माहीत असलेला हा मुलगा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुकानात मासिकं होती, वाचायला बंदी होती

१९२६ साली वडिलांनी ब्रुकलिनमध्ये एक दुकान घेतलं. गोळ्या-चॉकलेटं, सोडा, सिगारेटी, पेपर आणि मासिकं असं सगळं विकणारं. सकाळी सहाला उघडायचं, मध्यरात्र उलटल्यावर बंद व्हायचं. अख्खं घर त्या दुकानात राबायचं. आयझॅकने पहाटे उठून पेपर टाकायचे, मग शाळा, मग परत गल्ल्यावर. ते दुकानाचं वेळापत्रक त्याच्या अंगात असं भिनलं की जगप्रसिद्ध झाल्यावरही तो सहाला उठून टाइपरायटरवर बसायचा.

दुकानात स्वस्त कागदावर छापलेली कथांची मासिकं यायची. मुखपृष्ठावर राक्षस, रॉकेटं, किंचाळणाऱ्या बायका. वडिलांच्या मते तो सगळा कचरा होता, त्यामुळे पोराला वाचायला मनाई होती. १९२९ मध्ये आयझॅकने एक मासिक वडिलांपुढे धरलं. त्याच्या नावात सायन्स हा शब्द होता. वडिलांचं इंग्रजी बेताचं होतं. सायन्स म्हणजे अभ्यासाचंच काहीतरी असणार, असं समजून त्यांनी परवानगी दिली.

एका शब्दावर दार उघडलं.

बाकी हा मुलगा सुरुवातीपासून वेगळाच. पाचव्या वर्षी स्वतःहून वाचायला शिकला. त्याला बंद जागा आवडायच्या. लहानपणी त्याचं स्वप्न काय, तर भुयारी रेल्वेच्या स्टेशनात मासिकांचा स्टॉल टाकायचा, आत स्वतःला कोंडून घ्यायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकत वाचत बसायचं. मोठेपणीही तो खिडक्यांचे पडदे ओढून, दिवे लावून लिहायचा.

उंचीची मात्र भयंकर भीती. एकदा मैत्रिणीला घेऊन रोलर कोस्टरमध्ये बसला आणि तेव्हा त्याला कळलं की हे आपलं काम नाही.

एक ऑगस्ट १९४१

कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकता शिकता तो कथा लिहायला लागला. जून १९३८ मध्ये आपली पहिली कथा घेऊन तो थेट जॉन कॅम्पबेल या संपादकाच्या ऑफिसात गेला. कॅम्पबेल 'अस्टाउंडिंग' मासिकाचा संपादक. विज्ञानकथांच्या जगात तेव्हा त्याचा शब्द शेवटचा असायचा. कथा नाकारली गेली, पण कॅम्पबेलने पोराशी तासभराहून जास्त गप्पा मारल्या. आयझॅक पुढची कथा लिहूनच परत गेला.

१ ऑगस्ट १९४१ ला तो असाच कॅम्पबेलकडे निघाला होता. भुयारी रेल्वेत बसला होता आणि डोक्यात काहीच नव्हतं. हातात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीत नाटकांचं पुस्तक होतं. त्याने ते सहज मधूनच उघडलं. चित्रात परीराणी एका शिपायापुढे गुडघे टेकून बसलेली. शिपायावरून सैन्य आठवलं, सैन्यावरून साम्राज्य, साम्राज्यावरून रोम. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा गिबनचा ग्रंथ त्याने वाचलेला होताच.

ऑफिसात पोहोचेपर्यंत कल्पना तयार होती. आकाशगंगेएवढं साम्राज्य कोसळतंय आणि एक गणितज्ञ ते आधीच ओळखतो. तीस हजार वर्षांचा अंधार टाळता येणार नाही, पण तो एक हजार वर्षांवर आणता येईल, असं त्याचं गणित सांगतं. त्यासाठी तो आकाशगंगेच्या टोकाला एक वसाहत वसवतो. तीच 'फाउंडेशन'.

ॲपल टीव्हीवर २०२१ पासून आलेली मालिका याच पुस्तकांवर आहे. 'सेक्रेड गेम्स'मधली कुक्कू, म्हणजे आपली कुब्रा सैत, पहिल्या सीझनमध्ये त्यात होती.

आता एक गोष्ट शांतपणे बघा. ज्या आठवड्यांत हा एकवीस वर्षांचा पोरगा साम्राज्य कोसळण्याची गोष्ट रचत होता, त्याच आठवड्यांत हिटलरचं सैन्य स्मोलेन्स्क भागात लढत होतं. पेट्रोविची त्यांच्या ताब्यात गेलं. गावातल्या ज्यूंना आधी एका वस्तीत कोंडलं आणि पुढे ठार मारलं.

आईवडिलांनी अठरा वर्षांपूर्वी बोट पकडली नसती, तर फाउंडेशन लिहायला कोणी उरलंच नसतं.

त्या काळाची एक खूण पुस्तकांतही दिसते. कॅम्पबेलला अशा गोष्टी आवडायच्या, ज्यात पृथ्वीवरची माणसं परग्रहवासीयांपेक्षा वरचढ ठरतात. हिटलरच्या काळात वंशाच्या श्रेष्ठपणाची ही भाषा असिमोव्हला पटेना. संपादकाशी भांडणंही परवडणारं नव्हतं. मग त्याने परग्रहवासी काढूनच टाकले. सगळ्या आकाशगंगेत फक्त माणसं ठेवली. मग कोण श्रेष्ठ, हा प्रश्नच उरला नाही.

पण दुसरा प्रश्न उभा राहिला. सगळीकडे माणसंच आहेत, तर ही आली कुठून? फाउंडेशनच्या पहिल्याच कथेत एक सरदार या प्रश्नावर गप्पा मारताना दिसतो. विद्वानांची मतं अशी अशी आहेत, काही जण हा तारा म्हणतात, काही तो. प्रत्यक्ष जाऊन बघावं असं मात्र त्याला वाटत नाही. जुने ग्रंथ एकमेकांशी ताडून पाहिले की अभ्यास झाला, असं तो मानतो.

पृथ्वी हरवली ती अशी. कोणी नष्ट केली म्हणून नाही, तर कोणाला जाऊन बघायची गरजच वाटली नाही म्हणून.

अणुबॉम्बच्या चाचणीतून सुटका

दुसऱ्या महायुद्धात असिमोव्ह फिलाडेल्फियात नौदलाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. तिथेच कामासाठी त्याला पहिल्यांदा विमानात बसावं लागलं. युद्ध संपलं आणि त्यानंतर त्याला लष्करात भरतीचं बोलावणं आलं. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडून गेले होते.

१९४६ मध्ये त्याला हवाई बेटांवर पाठवलं. पॅसिफिक महासागरात बिकिनी बेटांजवळ अणुबॉम्बच्या चाचण्या होणार होत्या. त्या कामाच्या तुकडीत त्याचं नाव होतं. पण कागदपत्रांचा काहीतरी घोळ झाला आणि बोटी निघायच्या थोडे दिवस आधी त्याला तिथून माघारी पाठवलं. घरी येताना दुसऱ्यांदा विमान. त्यानंतर मरेपर्यंत तो विमानात बसला नाही. लांबचा प्रवास करायचाच झाला, तर रेल्वेने किंवा बोटीने.

पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, त्याने एक लांबलचक कथा लिहिली. ज्या मासिकाने मागवली होती त्यांनीच ती परत केली. हीच कथा वाढवून १९५० मध्ये त्याची पहिली कादंबरी म्हणून आली. नाव, 'पेबल इन द स्काय'. आकाशातला खडा.

हा खडा म्हणजे पृथ्वी.

गोष्ट अशी आहे. शिकागोतला जोसेफ श्वार्ट्झ नावाचा बासष्ट वर्षांचा निवृत्त शिंपी रस्त्याने चाललेला असतो. पाऊल उचलतो आजच्या काळात आणि टेकवतो हजारो वर्षांनंतरच्या पृथ्वीवर. तिथली जमीन जागोजागी किरणोत्सर्गी झालेली आहे. आकाशगंगेत माणसांचं राज्य आहे, पण पृथ्वीवर जेमतेम दोन कोटी लोक उरलेत. बाहेरचे लोक पृथ्वीच्या माणसाला हलका समजतात, त्याच्याजवळ उभं राहायलाही कचरतात. माणसाचा जन्म इथे झाला, असं एखादा पुरातत्त्वज्ञ म्हणालाच, तर लोक त्याच्याकडे विचित्र नजरेने बघतात.

जमीन कमी आणि खाणारी तोंडं जास्त. आपल्याकडे साठ वर्षं पूर्ण झाली की साठीशांत करतात, गोडाधोडाचं जेवण घालतात. त्या पृथ्वीवर साठ वर्षं पूर्ण झाली की माणसाला मारून टाकायचा नियम आहे. बिचारा श्वार्ट्झ बासष्ट वर्षांचा.

ज्यूंचा इतिहास माहीत असेल, तर हे वाचताना रोमन साम्राज्याखालचा ज्यूडिया प्रांत आठवतो. लहानसा, स्वाभिमानी, सतत बंडाच्या तयारीत असलेला आणि रोमने तुच्छ मानलेला. असिमोव्हने तो प्रांत उचलून आकाशगंगेत ठेवला आणि त्याला पृथ्वी म्हटलं.

आठशे कोटी लोक आणि स्टीलच्या गुहा

यानंतर असिमोव्हने उलट दिशेने विचार केला. पृथ्वी एवढी रिकामी व्हायच्या आधी काय झालं असेल?

१९५४ मध्ये 'द केव्ह्ज ऑफ स्टील' हे पुस्तक आलं. यातल्या पृथ्वीवर आठशे कोटी लोक आहेत. सगळे प्रचंड मोठ्या, वरून झाकलेल्या शहरांमध्ये राहतात. जेवण सामुदायिक खानावळीत, नळाला पाणी येणं ही चैन, स्वतंत्र खोली मिळणं म्हणजे बढती. लोकांनी उघडं आकाश कधी पाहिलेलंच नाही. बाहेर पाऊल टाकायच्या कल्पनेनेच त्यांना घाम फुटतो.

दुसरीकडे पन्नास ग्रहांवर पृथ्वीवरूनच गेलेल्या लोकांचे वंशज राहतात. लोक थोडे, रोबोट भरपूर, आयुष्य शेकडो वर्षांचं. पृथ्वीच्या माणसाला ते आपल्या दारात उभं करत नाहीत.

पृथ्वीवरचा पोलीस अधिकारी एलायजा बेली आणि रोबोट डॅनियल ऑलिव्हॉ मिळून एका खुनाचा तपास करतात. पुढच्या 'द नेकेड सन' या कादंबरीत बेलीला तपासासाठी दुसऱ्या ग्रहावर जावं लागतं, उघड्या आकाशाखाली. तो थरथरतो, चक्कर येऊन पडतो, पण परत बाहेर जातो. शेवटी त्याला कळतं की पृथ्वीच्या माणसांना या गुहांमधून बाहेर पडावंच लागेल, नाहीतर इथेच गुदमरून मरतील.

ही भीती असिमोव्हला समजावून सांगायची गरज नव्हती. बंद खोलीत सुखी असणारा तो स्वतःच होता. बेलीकडून त्याने ते करून घेतलं, जे त्याला स्वतःला जमलं नव्हतं.

आणि तो आठशे कोटींचा आकडा? असिमोव्हच्या कादंबरीत तो काही हजार वर्षांनी येतो. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२२ मध्येच आपण तिथे पोहोचलो.

मधली पंचवीस वर्षं

असिमोव्ह १९४९ पासून बोस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत होता. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपण विज्ञानात मागे पडलो अशी धास्ती वाटली. असिमोव्हने कथा-कादंबऱ्या बऱ्याचशा बाजूला ठेवल्या आणि सामान्य वाचकांसाठी विज्ञान लिहायला घेतलं. १९५८ पासून तो पूर्णवेळ लेखक झाला. अणू, रक्त, तारे, बायबल, शेक्सपिअर, इतिहास, विनोद, काहीच सोडलं नाही. लिहिलेली आणि संपादित केलेली मिळून जवळपास पाचशे पुस्तकं त्याच्या नावावर आहेत.

त्याची एक बाजू वाईटही होती. विज्ञानकथांच्या संमेलनांमध्ये तो बायकांना त्यांच्या मर्जीविरुद्ध स्पर्श करायचा. त्या काळी लोक ते हसण्यावारी न्यायचे. आज ते त्याच्या चरित्राचा भाग म्हणून उघडपणे सांगितलं जातं आणि ते योग्यच आहे.

या सगळ्या काळात वाचक आणि प्रकाशक एकच धोशा लावून होते, फाउंडेशनचं पुढे काय झालं? १९६६ मध्ये फाउंडेशनला आजवरची सर्वोत्तम मालिका म्हणून ह्यूगो पुरस्कारही मिळाला होता. शेवटी तो तयार झाला. १९८२ मध्ये 'फाउंडेशन्स एज' आलं आणि थेट बेस्टसेलरच्या यादीत गेलं.

आता त्याने ठरवलं की आपल्या रोबोटांच्या गोष्टी आणि साम्राज्याच्या गोष्टी एकाच इतिहासात बसवायच्या. पण मध्ये एक अडचण होती. आठशे कोटींची गजबजलेली पृथ्वी आणि ती विसरली गेलेली पृथ्वी, यांच्या मध्ये नक्की काय घडलं?

पृथ्वी कोणी मारली?

'पेबल इन द स्काय' वाचताना वाटतं की अणुयुद्ध झालं असावं. पण १९८० च्या दशकापर्यंत विज्ञान पुढे गेलं होतं. जमीन हजारो वर्षं किरणोत्सर्गी राहावी आणि तरी माणसं तिथे नांदावीत, हे अणुयुद्धाने होत नाही, हे असिमोव्हला कळून चुकलं होतं. त्याला दुसरं कारण हवं होतं.

ते त्याने १९८५ च्या 'रोबोट्स अँड एम्पायर' मध्ये दिलं.

पृथ्वीचा द्वेष करणारे दोन शास्त्रज्ञ एक यंत्र बनवतात. जमिनीत मुळातच असलेल्या युरेनियम आणि थोरियमचा किरणोत्सर्ग त्या यंत्राने हळूहळू वाढत जाणार. ते यंत्र बसवतात थ्री माइल आयलंड या ठिकाणी. पेन्सिल्व्हेनियातल्या याच जागी १९७९ मध्ये अमेरिकेतला सगळ्यात गाजलेला अणुभट्टीचा अपघात झाला होता. असिमोव्हने ती जागा उगाच निवडली नव्हती.

डॅनियल आणि जिस्कार्ड हे दोन रोबोट त्यांना गाठतात. रोबोटने माणसाला इजा होऊ द्यायची नाही, हा असिमोव्हचाच पहिला नियम. पण या दोघांनी त्याच्याही वरचा एक नियम शोधलेला असतो. एका माणसापेक्षा अख्ख्या मानवजातीचं हित मोठं.

आणि इथे जिस्कार्ड एक भयंकर निर्णय घेतो. तो यंत्र थांबवत नाही. दीडशे वर्षांत पृथ्वी हळूहळू राहण्यालायक उरणार नाही, तेवढ्या वेळात लोक बाहेर पडतील आणि आकाशगंगेत पसरतील. घराची ओढ असेल तोवर कोणी घर सोडत नाही, म्हणून घरच संपू द्यायचं.

पण आपण बरोबर केलं का, याची खात्री त्याला वाटत नाही. तो विचारच त्याच्या मेंदूला झेपत नाही आणि तो कायमचा बंद पडतो. आता या निर्णयाचं ओझं एकट्या डॅनियलने वाहायचं असतं.

वाचक म्हणून आपणही इथे अडकतो. पृथ्वी गेली म्हणून माणूस जगला, हे खरं मानलं, तरी जे आठशे कोटी लोक उठवले गेले त्यांना कोणी विचारलं होतं का? धरण किंवा प्रकल्पासाठी गाव उठल्याच्या गोष्टी आपण महाराष्ट्रात ऐकलेल्या आहेत. सगळ्यांच्या भल्यासाठी, हे शब्दही ओळखीचे आहेत. असिमोव्हने जिस्कार्डला नायक ठरवलं नाही आणि खलनायकही ठरवलं नाही. त्याला संशयात मरू दिलं.

शोध

१९८६ मध्ये 'फाउंडेशन अँड अर्थ' आलं. घटनांच्या क्रमाने फाउंडेशनच्या इतिहासातली ही शेवटची कादंबरी.

गोलान ट्रेवाईझ, म्हातारा इतिहासकार पेलोरॅट आणि ब्लिस नावाची तरुणी असे तिघे पृथ्वी शोधायला निघतात. वीस हजार वर्षं उलटलेली आहेत. ग्रंथालयांतून पृथ्वीच्या नोंदी कोणीतरी पद्धतशीर काढून टाकल्यात. काही ठिकाणी पृथ्वीचं नाव घेणंही अपशकुनी मानतात. उरल्या आहेत त्या दंतकथा. त्या ग्रहाला एक अवाढव्य मोठा चंद्र होता म्हणे. त्याच्या सूर्याभोवती सुंदर कडी असलेला एक ग्रह होता म्हणे.

या खुणांवरून ते एकेक मेलेली वसाहत पार करत जातात. कुठे पूर्वीचे बगीचे रानटी कुत्र्यांच्या ताब्यात गेलेत, कुठे दगडावर शेवाळं धरलंय. आणि शेवटी ते पोहोचतात. चंद्र खरा निघतो, शनीची कडी खरी निघतात. पृथ्वीही खरी निघते, पण तिथे उतरता येत नाही. किरणोत्सर्ग एवढा की खाली काहीच जिवंत नाही.

कोणीतरी मात्र वाट बघत असतं. चंद्राच्या पोटात, वीस हजार वर्षं जुना डॅनियल. आपण सोडलेल्या घरावर नजर ठेवून माणसांना सांभाळत बसलेला.

बॉम्ब चाचणीतून कागदाच्या घोळाने सुटलेला, जन्मगावी परत कधीच न गेलेला लेखक आपल्या शेवटच्या टप्प्यात माणसांना परत घरी घेऊन जातो. पण दारात उभं राहून बघण्यापलीकडे त्यांना काही करता येत नाही.

कागदाबाहेरची पृथ्वी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

माणसाने अंतराळात जावं, असं असिमोव्हचं मत होतंच. सगळी माणसं एकाच ग्रहावर असणं त्याला धोक्याचं वाटायचं. पण पृथ्वी खराब झाली की दुसरीकडे जाऊ, हा हिशोब त्याने खऱ्या आयुष्यात कधीच मांडला नाही. पुस्तकांत त्याच्याकडे अडीच कोटी ग्रह होते. बाहेर एकच होता, हे त्याला पक्कं माहीत होतं.

तो जन्मला तेव्हा जगाची लोकसंख्या दोनशे कोटींच्या आत होती. त्याच्या शेवटच्या वर्षांत ती पाचशे कोटींच्या वर गेली. लोकसंख्या, प्रदूषण, तापत चाललेलं हवामान यावर तो वर्षानुवर्षं लिहीत आणि भाषणं देत राहिला. १९९१ मध्ये त्याने आपला जुना मित्र आणि लेखक फ्रेडरिक पोल याच्याबरोबर 'अवर अँग्री अर्थ' हे पुस्तक काढलं. ओझोनचा थर, हरितगृह वायू, कचरा आणि यावर सामान्य माणसाने काय करायचं, असं सगळं त्यात आहे. त्यात रोबोट नाहीत, अंतराळयानं नाहीत. कोणी जिस्कार्ड येऊन निर्णय घेणार नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागेल.

हे लिहिताना असिमोव्ह स्वतः खूप आजारी होता. डिसेंबर १९८३ मध्ये त्याची हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली होती. त्या वेळी दिलेल्या रक्तातून त्याला एचआयव्हीची लागण झाली. दान केलेलं रक्त एचआयव्हीसाठी तपासायची चाचणी १९८५ मध्ये आली. एड्सभोवती तेव्हा एवढी भीती होती की डॉक्टरांच्या सल्ल्याने घरच्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. ६ एप्रिल १९९२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं. हृदय आणि मूत्रपिंड निकामी झाल्याचं कारण जाहीर झालं. खरी हकीकत त्याची पत्नी जॅनेट हिने २००२ मध्ये प्रसिद्ध केली.

२००९ मध्ये मंगळावरच्या एका विवराला असिमोव्हचं नाव दिलं गेलं. आयुष्यात दोनदा विमानात बसलेल्या माणसाचं नाव आता मंगळाच्या नकाशावर आहे.

मंगळावर वस्ती करायच्या गोष्टी आज जोरात आहेत आणि त्या करणारे अनेक जण फाउंडेशन वाचून मोठे झालेत. माणूस एक दिवस तिथे जाईलही. पण जाणाऱ्यांनी असिमोव्हची 'फाउंडेशन अँड अर्थ' वाचायला हरकत नाही. त्यात माणूस अख्खी आकाशगंगा जिंकतो आणि तरीही एक दिवस यान घेऊन एक निळा ग्रह शोधत फिरतो.

तो निळा ग्रह आपल्याला शोधावा लागत नाही. सध्या तरी आपण त्याच्यावरच राहतो.